लू गेह्रिग : रोज उभा राहणारा खेळाडू

— द्वितीय वर्ष, कला

क्रिकेटच्या गप्पांत एक वाद कधीच मिटत नाही. एका सामन्यात शतक ठोकून पुढच्या चार सामन्यांत शून्यावर परतणारा फलंदाज संघात असावा, की दर वेळी मुकाट्याने चाळीस-पन्नास धावा करून देणारा? लहरी फलंदाजामुळे संघाचे अजिंक्यपद हुकते का? अमेरिकेत बेसबॉलच्या संघांबद्दल हाच वाद फार जुना आहे. त्याचे उत्तर आकडेमोडीत शोधता येईल. पण एका माणसाच्या आयुष्यात ते शोधले तर अधिक चांगले उमगते, असे मला वाटते. तो माणूस म्हणजे न्यूयॉर्क यांकीज संघाचा लू गेह्रिग.

आधी खेळाविषयी थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे बेसबॉल फारसा कोणी पाहत नाही. या खेळात फलंदाज खेळपट्टीवर ठाण मांडून बसू शकत नाही. नऊ जणांचा क्रम ठरलेला असतो आणि एकेकाला एका सामन्यात साधारण चार-पाच संधी मिळतात. तीन गडी बाद झाले की डाव संपला. असे प्रत्येक संघाचे नऊ डाव. चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला तर तो होम रन. मारणारा आणि बेसवर उभे असलेले त्याचे सगळे सोबती धावा पुऱ्या करून घरी येतात. फलंदाजाची सरासरी हजारात मोजतात. हजार संधींमागे ३०० यशस्वी फटके म्हणजे चांगला फलंदाज. याचा अर्थ चांगला फलंदाजसुद्धा दहापैकी सात वेळा फसतो. अपयश हा या खेळाचा रोजचा भाकरतुकडा आहे. म्हणून बेसबॉलमध्ये सातत्य म्हणजे कधीच न चुकणे असे नव्हे. काल चुकलो म्हणून आज डगमगायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

लू गेह्रिगचा जन्म १९ जून १९०३ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. आईवडील जर्मनीहून पोट भरायला आलेले. वडील पत्र्याचे काम करीत, पण त्यांना काम कधी मिळे, कधी नाही, आणि प्रकृतीचीही कुरकुर असे. घर चालवले ते आईने. ती लोकांचे कपडे धुई, स्वयंपाक करी, मिळेल ते काम करी. तिला चार अपत्ये झाली, त्यांतला एकटा लू जगला. साहजिकच तिचा सारा जीव त्याच्यात होता. मुलाने शिकावे, इंजिनियर व्हावे, एवढा एकच ध्यास तिने घेतला होता. चेंडू आणि लाकडी बॅट यांतून कोणाचे पोट भरते, हे तिला कधी पटले नाही.

शाळेत असतानाच लूचे नाव झाले. १९२० साली त्याच्या शाळेचा संघ शिकागोला खेळायला गेला. सामन्याच्या शेवटच्या डावात तिन्ही बेसवर सोबती उभे असताना या सतरा वर्षांच्या पोराने चेंडू थेट मैदानाबाहेर भिरकावला. ज्या मैदानावर मोठमोठे व्यावसायिक खेळाडू खेळत, तिथे शाळकरी मुलाने असा फटका मारल्याची बातमी न्यूयॉर्कपर्यंत पोचली.

पुढे १९२१ मध्ये तो कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. हे नाव आपल्याला परके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात याच विद्यापीठात शिकले. त्यांच्यानंतर पाच वर्षांनी आलेला हा गरीब घरचा मुलगा खेळाच्या शिष्यवृत्तीवर शिकू लागला. त्याची आई तिथल्याच विद्यार्थ्यांच्या एका निवासगृहात स्वयंपाकीण होती. वर्गातली बाकीची मुले सुखवस्तू घरांतली. त्यांच्यात बसायचे आणि त्यांच्याच ताटांत आई अन्न वाढते हे पाहायचे. लू लाजाळू होता, कमी बोलायचा, असे त्याच्याविषयी सगळेच सांगतात. मला तरी त्याचे नवल वाटत नाही. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. वर्गात कोणी वडिलांचा धंदा विचारला, की उत्तर द्यायला जो क्षणभर उशीर होतो, तो ज्याचा त्यालाच ठाऊक. तेव्हा लू अबोल का होता, हे समजायला मला पुस्तकाची गरज पडली नाही.

कोलंबियात तो गोलंदाजीही करी आणि फलंदाजीही. १८ एप्रिल १९२३ या दिवशी यांकीजच्या नव्या भव्य स्टेडियमचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी त्याच शहरात कोलंबियाच्या मैदानावर लूने प्रतिस्पर्ध्यांचे १७ फलंदाज चेंडूला बॅट न लागू देता बाद केले. एवढे करूनही त्याचा संघ तो सामना हरला. एकट्याच्या पराक्रमाने सामना जिंकता येत नाही, हा धडा त्याला असा लवकर मिळाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी यांकीजचा एक पारखी त्याचा खेळ पाहून गेला आणि संघाने त्याच्यापुढे करार ठेवला. करारावर सही केली की १५०० डॉलर रोख मिळणार होते. घरी आजारपण होते, पैशांची चणचण होती. लूने पदवी अर्ध्यावर सोडली आणि सही केली. आईच्या इंजिनियर मुलाचे स्वप्न तिथे संपले. या निर्णयाला चूक म्हणण्याचा अधिकार ज्यांच्या घरी कधी चूल थंड राहिली नाही, त्यांना कितपत आहे, हा प्रश्नच आहे.

पहिली दोन वर्षे तो बहुतेक काळ दुय्यम संघात शिकत होता. मग १९२५ साल उजाडले. यांकीजचा नायक तेव्हा बेब रूथ होता. रूथसारखा फलंदाज अमेरिकेने आधी पाहिला नव्हता. पण रूथचे सारेच वादळी. खाणे-पिणे, जागरणे, पैसा, सगळे बेहिशेबी. त्या वर्षी तो आजारी पडला, शस्त्रक्रिया झाली आणि १ जूनपर्यंत मैदानात उतरलाच नाही. पुढे शिस्तभंगाबद्दल व्यवस्थापक मिलर हगिन्स याने त्याला ५००० डॉलर दंड केला. त्या हंगामात आठ संघांच्या लीगमध्ये यांकीज सातवे आले. एक मोठा फलंदाज ढासळला आणि त्याच्याबरोबर सारा संघ ढासळला. लहरी फलंदाजामुळे संघाचे नुकसान होते का, या प्रश्नाला याहून बोलका दाखला कुठला द्यावा?

पण त्याच मोडक्या हंगामात दुसरी एक गोष्ट सुरू झाली. १ जून १९२५ रोजी, म्हणजे रूथ परतला त्याच दिवशी, गेह्रिगला दुसऱ्याच्या जागी एकदा फलंदाजीची संधी मिळाली. दुसऱ्या दिवशी फर्स्ट बेसवर नेहमी खेळणारा वॉली पिप याला विश्रांती देऊन गेह्रिगला उभे केले. पिपचे डोके दुखत होते म्हणून असे झाले, अशी कथा पुढे रूढ झाली. खरे पाहता संघ हरत होता, पिपच्या बॅटमधून धावा येत नव्हत्या आणि हगिन्सला बदल हवा होता. पिप काही सामान्य खेळाडू नव्हता. १९१६ आणि १९१७ या दोन्ही वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त होम रन त्याचेच होते. पण त्याची जागा त्याला पुन्हा मिळाली नाही. कारण गेह्रिग त्या जागेवरून पुढे जवळजवळ चौदा वर्षे हललाच नाही. सलग २१३० सामने!

पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, यांकीज लीग जिंकून वर्ल्ड सिरीजला पोचले. ही सात सामन्यांची अंतिम मालिका. आधी चार सामने जिंकेल तो अजिंक्य. तिथे सेंट लुईस कार्डिनल्सने त्यांना सातव्या सामन्यात ३-२ असे हरवले. त्या मालिकेत रूथने चार होम रन मारले होते, गेह्रिगची सरासरी ३४८ होती. तरीही हार झाली. सातव्या डावात तिन्ही बेस भरलेले असताना टोनी लाझेरी बाद झाला, आणि अगदी शेवटी रूथ दुसरा बेस चोरण्याच्या प्रयत्नात पकडला गेला. दीडशेहून अधिक सामन्यांचा हंगाम आणि सात सामन्यांची मालिका यांतला फरक इथे दिसतो. लांबच्या हंगामात चांगले-वाईट दिवस एकमेकांना भरून काढतात. छोट्या मालिकेत एखादा वाईट क्षण भरून काढायला दिवसच उरत नाहीत.

मग आले १९२७. या संघाला आजही पुष्कळ जाणकार सर्वांत थोर बेसबॉल संघ मानतात. ११० सामने जिंकले, ४४ हरले, आणि वर्ल्ड सिरीजमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सला चारही सामन्यांत हरवले. रूथचे ६० होम रन, गेह्रिगचे ४७. लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्या वर्षी गेह्रिगची निवड झाली. आता गंमत पाहा. सर्वांत जास्त वेळा तीन चेंडू चुकवून बाद होणाऱ्यांत रूथ त्या वर्षीही लीगमध्ये पहिला होता. मग १९२५ मध्ये ज्याच्या लहरीपणाने संघ बुडाला, तोच चुकत-माकत खेळूनही १९२७ मध्ये संघ तरला कसा?

कारण त्याच्या मागे गेह्रिग उभा होता. फलंदाजीच्या क्रमात रूथ तिसरा आणि गेह्रिग चौथा. १९२९ पासून यांकीजच्या सदऱ्यांवर क्रमांक आले, तेही याच क्रमाने : रूथला ३, गेह्रिगला ४. रूथची धास्ती घेऊन त्याला मुद्दाम मारता न येणारे चेंडू टाकावेत आणि फुकट बेसवर जाऊ द्यावे, तर पुढे गेह्रिग बॅट घेऊन तयार. रूथ फसला, तरी डाव संपलेला नसे. लहरी माणसाला लहरी राहण्याची मुभा असते, ती त्याच्या शेजारी कोणीतरी रोज नेमाने उभे असते म्हणून. घरातही असेच असते, नाही का? एखादा भाऊ मन मानेल तसा वागू शकतो, कारण दुसरा भाऊ रोज पहाटे उठून बैलांना वैरण घालतो.

हिशेबाने पाहिले तरी हे पटते. एका संघाने एका दिवशी १५ धावा केल्या आणि पुढच्या तीन दिवशी एकही नाही, तर विजय मिळतो जास्तीत जास्त एक. त्याच १५ धावा चार दिवसांत वाटल्या गेल्या, तर दोन-तीन सामने हाती लागू शकतात. जादा धावा पुढच्या दिवसासाठी कणगीत साठवून ठेवता येत नाहीत. मात्र याला दुसरी बाजूही आहे. ज्या संघाचे गोलंदाज कच्चे आहेत आणि जो रोज पाच धावा देतो, त्याने रोज नेमाने चार धावा करून काय साधणार? तो रोज नेमाने हरेल. अशा दुबळ्या संघाला एखाद्या दिवशी भडकून उठणारा लहरी फलंदाजच तारतो. म्हणजे सातत्याचे मोल ज्याच्या जवळ बाकीची शिदोरी आहे, त्यालाच जास्त.

गेह्रिगच्या आयुष्यात याचाही पुरावा आहे. १९३१ मध्ये त्याने १८० हून अधिक धावा घडवून आणल्या. अमेरिकन लीगचा तो विक्रम आजही टिकून आहे. यांकीजने त्या हंगामात १०६७ धावा केल्या. तरी अजिंक्यपद मिळाले नाही. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सने १०७ सामने जिंकून लीग नेली. १९३४ मध्ये गेह्रिग सरासरी, होम रन आणि घडवलेल्या धावा या तिन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला आला : सरासरी ३६३, होम रन ४९. हा तिहेरी मान फार थोड्यांना मिळतो. तरी लीग डेट्रॉइटने जिंकली आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताबही डेट्रॉइटच्याच मिकी कॉक्रेनला गेला. तेव्हा नुसत्या एका फलंदाजाच्या सातत्याने अजिंक्यपद येते, असेही म्हणता येणार नाही.

प्रसिद्धीच्या बाबतीत तर नशीब नेहमीच त्याच्याकडे पाठ फिरवून असे. ३ जून १९३२ रोजी त्याने एकाच सामन्यात चार होम रन मारले. विसाव्या शतकात अमेरिकन लीगमध्ये हे करणारा तो पहिलाच. पण त्याच दिवशी न्यूयॉर्क जायंट्सचा ख्यातनाम व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉ निवृत्त झाला आणि वर्तमानपत्रांचे मथळे त्याने व्यापले. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये गेह्रिगची सरासरी ५२९ होती, तीन होम रन होते. पण लोकांना आठवतो तो रूथने हात उंचावून केलेला इशारा आणि त्यानंतरचा होम रन. गेह्रिगने याबद्दल कधी तक्रार केल्याचे दिसत नाही. १९३३ मध्ये त्याने शिकागोच्या एलिनोरशी लग्न केले आणि पुढल्या वर्षांत तो संघाचा कर्णधार झाला.

त्याच्या सलग खेळण्यावर टीकाही झाली, हे सांगितलेच पाहिजे. १४ जुलै १९३४ रोजी कंबरेच्या दुखण्याने त्याला सरळ उभे राहता येत नव्हते. त्या दिवशी त्याचे नाव पहिल्या क्रमांकावर लिहिले, त्याने एकदा फलंदाजी केली, फटका मारून बेस गाठला आणि तो बाहेर आला. हे विक्रम टिकवण्यासाठीच केले होते. विश्रांती घेतली असती, तर खेळ आणखी सुधारला असता, असे म्हणणारेही होते. पण १९२६ ते १९३८ अशी सलग १३ वर्षे ज्याने दर हंगामात शंभराहून जास्त धावा घडवल्या, त्याला आणखी किती सुधारायला सांगणार?

१९३६, १९३७ आणि १९३८ या तिन्ही वर्षी यांकीज अजिंक्य ठरले. १९३८ च्या हंगामात मात्र गेह्रिगची सरासरी २९५ वर आली. दुसऱ्या कोणाचे हे वैभव असते; त्याच्यासाठी ती घसरण होती. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याचे चारच फटके, सगळे साधे. तरी यांकीजने शिकागोला चारही सामन्यांत हरवले, कारण आता जो डिमॅजिओसारखे तरुण तयार झाले होते. आजवर इतरांच्या लहरी गेह्रिगने सांभाळल्या; आता इतरांनी त्याला सांभाळले.

१९३९ च्या वसंतात त्याला साधे चेंडू उचलता येईनात. धावताना पाय साथ देईनात. आठ सामन्यांत २८ संधी, फटके चार. २ मे १९३९ रोजी डेट्रॉइटमध्ये त्याने स्वतः व्यवस्थापक जो मॅकार्थी याच्याकडे जाऊन आपले नाव काढायला सांगितले. कोणी त्याला काढले नव्हते. मॅकार्थीने कदाचित काढलेही नसते. माझ्या मते त्याच्या साऱ्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा फटका. २१३० सामने खेळायला जेवढे बळ लागले, त्याहून जास्त बळ २१३१ वा न खेळायला लागले असेल. संघाचे नुकसान आपल्यामुळे होते आहे, हे सगळ्यांआधी त्याने ओळखले. यांकीजने तो सामना २२-२ असा जिंकला.

१९ जूनला, त्याच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी निदान केले. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या मज्जापेशी एकेक करून मरत जातात, असा हा आजार. बुद्धी शाबूत राहते, शरीर थांबत जाते. पुढे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना झाला तोच. अमेरिकेत त्याला आजही लू गेह्रिगचा रोग म्हणतात आणि तो पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही.

४ जुलै १९३९ रोजी यांकी स्टेडियममध्ये ६१ हजारांहून अधिक माणसे त्याचा निरोप घ्यायला जमली. रूथही आला आणि त्याने गेह्रिगला मिठी मारली. गेह्रिगचा ४ हा क्रमांक यापुढे कोणालाही द्यायचा नाही, असे संघाने ठरवले. मोठ्या लीगमध्ये असा मान मिळालेला तो पहिलाच खेळाडू. तो बोलायला उभा राहिला तेव्हा रोगाविषयी रडगाणे त्याने गायले नाही. सोबती, आईवडील, बायको, मैदानाची निगा राखणारे कामगार, साऱ्यांचे आभार मानले आणि स्वतःला भाग्यवान म्हणवून घेतले. त्या वर्षी यांकीजने त्याच्याविना वर्ल्ड सिरीज चार सामन्यांत जिंकली.

शेवटची दोन वर्षेही तो घरी बसून राहिला नाही. महापौर ला गार्डिया यांनी त्याला कैद्यांच्या सुटकेचा विचार करणाऱ्या आयोगावर नेमले. जानेवारी १९४० पासून, शरीर साथ देईल तोपर्यंत, तो त्या कचेरीत जात राहिला. २ जून १९४१ रोजी त्याचे निधन झाले. पिपच्या जागी उभा राहिला, त्या दिवसाला बरोबर सोळा वर्षे झाली होती. वय अवघे ३७.

त्याच्या नावावर ४९३ होम रन आहेत आणि ३४० ची सरासरी. तो सात वर्ल्ड सिरीज खेळला, त्यांपैकी सहा संघाने जिंकल्या. तिन्ही बेस भरलेले असताना मारलेल्या २३ होम रनचा त्याचा विक्रम २०१३ पर्यंत अबाधित होता. सलग सामन्यांचा विक्रम ६ सप्टेंबर १९९५ रोजी कॅल रिपकेनने मोडला. विक्रम मोडण्यासाठीच असतात, त्याचे दुःख नाही.

राहिला सुरुवातीचा प्रश्न. गेह्रिगच्या आयुष्याकडे पाहून मला वाटते, की संघाला लहरी फलंदाज बुडवीत नाही. सगळा भार त्या एकट्यावर टाकला, तर मात्र संघ बुडतो. १९२५ मध्ये तसे झाले. रूथ पुढेही रूथच राहिला, पण त्याच्यामागे एक माणूस रोज येऊन उभा राहू लागला आणि तेवढ्याने संघाचे नशीब पालटले. टाळ्या पुढच्यालाच मिळाल्या. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येणार आहे ती चौथ्या क्रमांकाचीच जागा, आणि ती किती मोलाची असू शकते, हे त्या स्वयंपाकिणीच्या मुलाने दाखवून दिले.